कुठली कथा सोडता आणि का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, घाई नाही.

गेले तीन आठवडे बार्शीत बातम्यांच्या मागे फिरता फिरता मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतोय. मोबाईलवर कथा वाचायला घेता, त्यातली कुठली सोडून देता आणि का? "का वाचता" असं विचारलं की लोक निबंधात लिहिल्यासारखं उत्तर देतात. ज्ञानात भर पडते, मन रमतं, वगैरे. "का सोडता" विचारलं की मात्र मनातलं बोलतात. काही तर चिडूनच बोलतात.

हे डोक्यात आलं त्याचं कारण सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मग गावोगावी कार्यक्रम झाले, हार-तुरे झाले आणि प्रत्येक कार्यक्रमात एका तरी वक्त्याने ठोकून दिलं की मराठी माणूस वाचत नाही. अशाच एका कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत होतो. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या दोन बायका मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी बघत होत्या. मी वाकून बघितलं (पत्रकाराची खोड, जात नाही). दोघीही मराठी कथा वाचत होत्या. एकीचा भाग तेविसावा होता.

म्हणजे वाचन चालू आहे. बंगळुरात २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारखी अ‍ॅप आहेत, फेसबुकवर कथांचे ग्रुप आहेत, व्हॉट्सअ‍ॅप तर आहेच. मायबोलीवर १९९६ पासून लोक लिहितायत. लिहिणारे सगळे हौशी. गृहिणी, शिक्षक, बँकेतले, कॉलेजातली पोरं. पैसा बहुतेकांना मिळत नाही, तरी लिहितात. ही मला फार मोठी गोष्ट वाटते, म्हणून खाली जे लिहितोय ते कुणाची टर उडवायला लिहीत नाहीये.

फरक एवढाच झालाय की निवडून द्यायला मधे कुणी नाही. आमच्या लहानपणी भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान होतं. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, शिरवळकर, सगळे गठ्ठ्याने. दुकानदार काही साहित्यिक नव्हता, पण त्याला गिऱ्हाईक माहीत होतं. एकदा मी आईसाठी कादंबरी उचलली तर म्हणाला, "ही नको नेऊस, शेवटी पोरगं मरतं. तुझी आई रडत बसंल." आता मोबाईलवर एक चित्र दिसतं, खाली नाव, खाली दोन ओळी. वाचक बोट टेकवतो नाहीतर पुढे सरकवतो. तेवढ्यात निकाल लागतो. आणि तो निकाल कशावरून लागतो हे लिहिणाऱ्याला कुणी सांगत नाही.

पहिलं उत्तर एसटीच्या वाहकाचं. हा बाबा मुक्कामी गाडीवर असतो. रात्री खेड्यात गाडी लावली की करणार काय, कथा वाचतो. म्हणाला, "ज्याच्या वर लिहिलंय की माझा पहिलाच प्रयत्न आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या, ती मी उघडतच नाही. हॉटेलात गेल्यावर वेटरच म्हणाला की साहेब, भाजी जरा बिघडलीय पण खाऊन बघा, तर तुम्ही खाता का?" मी म्हटलं, अरे, विनयाने लिहितात ते. तो म्हणाला, "विनय घरी. मला सकाळी साडेपाचला गाडी काढायचीय."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. कथेच्या वरच्या त्या दोन ओळींत कथेबद्दल काही नसतंच. "नक्की वाचा", "वाचून प्रतिक्रिया द्या", "फॉलो करायला विसरू नका", "हृदयाला भिडणारी कथा". अहो, हृदय वाचणाऱ्याचं आहे, भिडली की नाही ते तो ठरवेल. कथा कुणाची, कुठली, काय अडचणीत सापडलंय ते माणूस, एवढं दोन ओळींत सांगा की. ते सोडून सगळं असतं.

आता "क्रमशः".

आमच्या गल्लीतल्या एक ताई ब्लाऊज शिवतात, पिको-फॉल करतात. मशीनशेजारी मोबाईल उभा करून ठेवलेला. त्यांचा नियम पक्का आहे: कथा पूर्ण झालेली असेल तरच हात लावायचा. "दादा, मी एकदा एकशे चाळीस भाग वाचले. नायिका कोमात. लिहिणाऱ्या बाई गायब. दीड वर्ष झालं, ती अजून कोमात हाय." हसून सांगितलं, पण त्या कथेचं नाव त्यांना अजून तोंडपाठ आहे. तेव्हापासून चालू मालिका नवी असो, चांगली असो, त्या बघतसुद्धा नाहीत.

तुकड्या-तुकड्याने कादंबरी देणं काही आजचं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातूनच क्रमाक्रमाने आली. आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही खरं. पण तिथे आठवडाभराचा मजकूर मिळायचा. इथे एक भाग पाच मिनिटांचा. त्यातलं पहिलं मिनिट मागच्या भागात काय झालं ते सांगण्यात जातं आणि शेवटी दार वाजतं, ती दार उघडते आणि समोर बघून तिच्या पायाखालची जमीन सरकते. पुढच्या भागात दारात दूधवाला निघतो. ताईंचे शब्द, माझे नाहीत.

यात एकट्या लेखकाचा दोष काढता येत नाही. वाचक रोज परत यावा, जास्त वेळ थांबावा, यावर या धंद्याचं गणित चालतं. पुढचा भाग आज हवा तर नाणी द्या, नाहीतर उद्यापर्यंत थांबा, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. मग चार पानांची गोष्ट चाळीस भागांची होणारच. उसाचा रस काढून झाला तरी चिपाड चरकात घालत राहायचं, तसलं काम.

शुद्धलेखनाचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं आलं. ऱ्हस्व-दीर्घावरून कथा सोडणारा मला एकच भेटला, निवृत्त मराठीचे सर. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम त्यांना पाठ आहेत. बाकीच्यांना "पाणी"चं "पानी" झालेलं चालतं. त्यांना काय चालत नाही? बोलून टाईप केलेला मजकूर एकदाही न वाचता टाकून दिलेला. पूर्णविरामाच्या जागी सात-सात टिंबं. अख्खं पान एकच परिच्छेद, कोण कुणाला बोलतंय पत्ता नाही. बाप वारल्याच्या प्रसंगात रडणाऱ्या चेहऱ्याच्या चार इमोजी. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "सर, लिहिणारीनंच परत वाचलं नाही, तर मी का वाचू?"

इथे एक वेगळी तक्रार माझी स्वतःची. आपल्याकडचं कुणी "काय करायलास", "मी यायलोय" असं कथेत लिहिलं की खाली लगेच कुणीतरी उपदेश करतं, शुद्ध मराठीत लिहा. अहो, बार्शीचा माणूस बार्शीतच बोलतोय, तर तो काय सदाशिव पेठेतलं बोलेल? माडगूळकरांनी माणदेश लिहिला, उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' लिहिली वऱ्हाडी बोलीत, तेव्हा मराठी बुडाली नाही. बोली लिहिणं वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा. वाचकाला हा फरक बरोबर कळतो. उपदेश करणाऱ्याला कळत नाही, आणि त्याच्यामुळे लिहिणारी पोरं बिचकून पुस्तकी मराठीत शिरतात, तिथे मग त्यांची कथा मरते.

अभ्यासिकेतल्या पोरांना विचारलं तर ती वेगळ्याच गोष्टीवर अडली. एका कथेत कलेक्टर भर चौकात एसपीला जागच्या जागी सस्पेंड करतो. दुसऱ्या एका कथेत तहसीलदार घटस्फोट मंजूर करतो. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं ही, हसून हसून लोळली आणि कथा बंद केली. मुंबईत तीन वर्षं काढून आलेला एक जण म्हणाला, "हिरो-हिरॉईन मरिन ड्राइव्हवर वाळूतून अनवाणी चालतायत. तिथं वाळू कुठंय? सिमेंटचे चौपाये आहेत, पाय मोडंल." यावर खरं तर उपाय सोपा आहे. मरिन ड्राइव्ह बघितला नसेल तर लिहू नका. वैरागचा स्टँड बघितलाय ना? तो लिहा. पण नायक म्हटला की तो कुठल्या तरी कंपनीचा मालकच हवा, वय सत्तावीस, गाडी काळी, आणि काम काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. फक्त "मीटिंग कॅन्सल करा" म्हणत असतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही.

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक सिस्टर आहेत, वीस वर्षं झाली. रात्रपाळीला कथा वाचतात. मी प्रश्न विचारला तेव्हा त्या पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ज्या कथेत नवरा पहिल्या भागात मुस्काटात मारतो आणि सातव्या भागात ती त्याच्या शर्टाचा वास घेत बसते, ती मी बंद करते." जबरदस्तीने लग्न, कराराचं लग्न, सूड घ्यायला केलेलं लग्न. तो तिला खोलीत कोंडतो, तिचा फोन काढून घेतो, दुसऱ्याशी बोलली म्हणून मनगट पिरगाळतो. आणि लिहिणारी सांगते की हे त्याचं प्रेम आहे, त्याला फक्त व्यक्त करता येत नाही.

सिस्टरांचं म्हणणं, "तसलं मनगट माझ्यासमोर रात्री दोनला येतं. बाथरूममध्ये घसरून पडले म्हणते. पुरुषी हात आणि बाथरूम यातला फरक मला कळतो."

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक छळ, शिवीगाळ, पैशाची कोंडी, सगळं धरलंय. म्हणजे त्या कथेतला नायक जे जे करतो ते जवळजवळ कलमवार त्यात बसतं. मी सिस्टरांना विचारलं, अशा कथांवर बंदी घालावी का? त्या म्हणाल्या, "बंदी कशाला? माझ्या ओळखीच्या बायका आवडीनं वाचतात. त्यांच्या घरी काय चालतं ते मी सांगत नाही. मला एवढंच पाहिजे की वर लिहा, यात मारहाण आहे. मला दिवसभर बघून आल्यावर रात्री तेच नको. वर 'हळुवार प्रेमकथा' लिहायचं आणि आत हे, ही फसवणूक आहे."

मला हे पटलं. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या पाकिटावरसुद्धा आत काय आहे ते छापावं लागतं. सिगारेट ओढणाऱ्या नायकाखाली सिनेमात इशारा येतो. कथेवर एक ओळ लिहायला काय हरकत आहे? ज्याला वाचायचंय तो वाचेल. ज्याला नको तो वाचेल, फसेल, आणि पुढच्या वेळी कुठलीच प्रेमकथा उघडणार नाही. त्यात एखादी खरोखर हळुवारही असेल, तिचाही बळी जातो.

बळीचा हा मुद्दा मला सगळ्या उत्तरांत सापडला. वाचक एका कथेवर चिडतो आणि दहा सोडतो. ताई एका कोमातल्या नायिकेमुळे सगळ्या चालू मालिका टाळतात. निवृत्त सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक कथा आली, खाली "लेखक अज्ञात". सरांनी ती वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात नावानिशी वाचलेली. तेव्हापासून ते व्हॉट्सअ‍ॅपवरची कथाच वाचत नाहीत. (१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही. नाव कापून पुढे ढकलणारे काका-मावशी, तुम्हीही यात आलात.)

मग चांदण्या बघून निवडा म्हणाल, तर त्याही फिरलेल्या. "छान", "मस्त ताई", "निःशब्द", पाचपैकी पाच. तुम्ही माझं वाचा, मी तुमचं वाचतो, असा उघड व्यवहार. लग्नातल्या आहेरासारखी वही ठेवलेली असते. शिवणवाल्या ताई यातून वाट काढतात. त्या पाच चांदण्यांचे अभिप्राय बघतच नाहीत, तीनवाले शोधतात. "तीनवाली बाई खरं वाचलेली असती," म्हणाल्या. हल्ली त्यात यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांची भर पडलीय. प्रत्येक वाक्याला सारखीच इस्त्री, घरात चूल आहे पण धूर नाही. ती अभ्यासिकेतली पोरं दोन ओळींत ओळखतात आणि सोडतात.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

वैरागच्या बाजूच्या एका गावातली मुलगी आहे. डी.एड. झालीय, नोकरी नाही, घरी शिकवण्या घेते. तिच्या चुलत्याने मला तिच्या कथेची लिंक पाठवली. नाव, "आयुष्य एक प्रवास". चित्र, मावळता सूर्य आणि गुलाब. खाली, "नक्की वाचा, चूक झाल्यास क्षमस्व". सुरुवात, पहाटेची वेळ होती, पूर्वेला तांबडं फुटलं होतं, पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता. ओळखीतून आली म्हणून मी पुढे वाचली.

पक्ष्यांचा परिच्छेद संपल्यावर एक आजी येते. तिचे पैसे ज्या पतसंस्थेत होते ती बुडालीय. आजी रोज सकाळी जेवण करून, धुतलेलं लुगडं नेसून, पासबुक पिशवीत घालून त्या बंद शटरसमोर जाऊन बसते. दुपारी चारला, म्हणजे पूर्वी खिडकी बंद व्हायची त्या वेळेला, उठून घरी येते. घरच्यांनी समजावलं, रागावले, कोंडून ठेवलं. तरी जाते. शेजारचा चहावाला तिला अर्धा कप चहा देतो आणि पैसे पासबुकावर लिहून ठेवा म्हणतो. बस, एवढीच गोष्ट. मी पतसंस्थांच्या बातम्या वीस वर्षं लिहितोय. ठेवीदारांचा मोर्चा, निवेदन, प्रशासकाची नेमणूक, सगळं छापलंय. त्या आजीबद्दल मला एक ओळ सुचली नव्हती, कारण ती मोर्चात नसतेच.

ती कथा वाचणारे शंभरही झालेले नव्हते.

मी शिवणवाल्या ताईंना मोबाईलवर चार कथा दाखवल्या, त्यात ही एक. कुठली वाचाल? त्यांनी ही दुसऱ्या सेकंदाला बाजूला सारली. म्हणाल्या, सूर्य आणि गुलाब म्हणजे सुविचार असणार. मग मी आत काय आहे ते सांगितलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, मशीन थांबवलं आणि उभ्या उभ्या वाचली. त्यांच्या सासूचे पैसे तसेच गेलेत. मला माहीत नव्हतं. मोबाईल परत देताना म्हणाल्या, "ह्येचं नाव पासबुक का नाही ठेवलं?"

मी त्या मुलीला फोन केला. नाव बदल, पक्षी उडव, माफी काढ, एवढंच बोललो. ती म्हणाली, "सर, 'पासबुक' नाव ठेवलं तर कोण वाचेल? बँकेचं काहीतरी वाटेल. आणि सुरुवात तशीच असते ना, पुस्तकात?" तिला वाटतं की वाचकाला गुलाब पाहिजे. वाचकाला वाटतं गुलाबाखाली काही नसणार. दोघी बार्शी तालुक्यातल्याच, मधे तासाभराचा रस्ता, आणि एकमेकींना दिसत नाहीत.

तिने अजून नाव बदललेलं नाही. विचार करते म्हणालीय.

राज्यात ११-१२ हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गातली. तालुक्याच्या गावात एक तरी असतंच. तिथे बसलेल्या माणसाचं काम पूर्वी नुसतं पुस्तक देणं नव्हतं, सांगणंही होतं. म्हणून मी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला एक अर्ज दिलाय. दाराशी जो फळा आहे त्यावर महिन्याला पाच कथांची नावं लिहायची. मोबाईलवरच्या, हौशी लेखकांच्या, शक्यतो आपल्या भागातल्या. कथा कशाबद्दल आहे ते एका ओळीत. मारहाण, आत्महत्या असं काही असेल तर तेही. पूर्ण आहे की चालू, तेही. खर्च खडूचा. अर्ज विषयपत्रिकेवर घेऊ म्हणालेत. एका सदस्यांनी विचारलं की मोबाईलवरचं ते साहित्य का, तर मी त्यांना आजीची गोष्ट वाचायला पाठवलीय. त्यांचं उत्तर यायचंय.

तोवर तुम्ही एक काम करा. खाली प्रत्येकाने एकाच कथेचं नाव टाका. "छान" लिहू नका, कथा कशाबद्दल आहे ते लिहा. स्वतःची टाकू नका, नातेवाइकाचीही नको. आणि पूर्ण झालेलीच टाका, ताई वाचणार आहेत.